ऑक्टाव्हिया आरएस

ऑक्टाव्हिया आरएस : स्कोडा या चेक कंपनीची वेगवान सेदान मोटार. भारतात तिच्या पिढ्या २००४ पासून थांबत थांबत येत गेल्या आणि दर वेळी थोड्याच गाड्या विकल्या गेल्या. महाराष्ट्राशी तिचे नाते जवळचे आहे. स्कोडाचा भारतातला पहिला कारखाना २००१ मध्ये औरंगाबादजवळच्या (आजचे छत्रपती संभाजीनगर) शेंद्रा औद्योगिक वसाहतीत सुरू झाला, आणि तिथे सर्वांत आधी जुळवली गेलेली मोटार ऑक्टाव्हियाच होती. रस्त्यावर आज आरएस क्वचित दिसते, पण गाडीवेड्यांच्या गप्पांत ती रोज असते. पुण्या-मुंबईत, संभाजीनगरात, नागपुरात अशी माणसे भेटतात, ज्यांना वीस वर्षांपूर्वी पाहिलेल्या एका आरएसचा रंग आणि नंबर आजही पाठ आहे.

नाव व पूर्वपीठिका : आरएस म्हणजे रॅली स्पोर्ट. स्कोडाने ही अक्षरे १९७० च्या दशकातल्या १३० आरएस या शर्यतीच्या गाडीला लावली होती. १९७७ च्या माँटे कार्लो रॅलीत त्या गाडीने आपल्या गटात पहिला क्रमांक मिळवला. ऑक्टाव्हिया हे नावही जुने, १९५९ चे. फोक्सवॅगनने स्कोडा हाती घेतल्यावर १९९६ मध्ये ते नव्या गाडीला पुन्हा दिले गेले. १९९९ मध्ये ऑक्टाव्हिया जागतिक रॅली स्पर्धेत उतरली आणि त्या ओघात रस्त्यावर चालवण्याजोगी आरएस युरोपात आली. भारतात पहिल्या आरएसच्या पाठीवर ‘व्हीआरएस’ अशी अक्षरे होती. त्यातला ‘व्ही’ म्हणजे हिरव्या पट्टीची खूण. बोलण्यात मात्र ‘आरएस’च रुळले.

पहिली आरएस (२००४) : तिचे इंजिन १,७८१ घनसेंमी., चार सिलिंडरचे, प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह आणि सोबत टर्बो. युरोपातल्या आरएसची शक्ती १८० अश्वशक्ती होती, भारतातल्या गाडीची १५०. टॉर्क २१० न्यूटन-मीटर, गिअर पाच, हाताने टाकायचे. युरोपात हेच १५० अश्वशक्तीचे इंजिन साध्या ऑक्टाव्हियातही मिळत असे. म्हणजे काटेकोर बोलायचे तर आपल्याकडची पहिली आरएस तिकडच्या आरएसइतकी तिखट नव्हती. हे माहीत असूनही तिच्यावरचा जीव कमी होत नाही, आणि त्याला कारण तो काळ आहे. २००३–०४ मध्ये नवी कोरोला १२५ अश्वशक्तीच्या आसपास होती. होंडा सिटीच्या १०६ अश्वशक्तीच्या व्हीटेक इंजिनाचा तेव्हा दबदबा होता. टर्बो म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे डिझेल गाडी यायची. टर्बो पेट्रोल इंजिन कारखान्यातूनच बसवून येणाऱ्या गाड्या भारतात मोजक्या होत्या आणि ही त्यांतली एक.

ती चालवताना काय होत असे ते सांगितल्याशिवाय ही नोंद पुरी होणार नाही. तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाच्या मिनिटाला हजार-बाराशे फेऱ्यांवर गाडी एखाद्या समजूतदार कुटुंबवत्सल मोटारीसारखी चालते. काटा साडेसतराशेच्या पुढे सरकला की बॉनेटखालून एक बारीक शीळ ऐकू येते, पाठ सीटला टेकते, आणि तो रेटा साडेचार हजारांपर्यंत एकसारखा टिकून राहतो. होंडाच्या व्हीटेकची मजा काटा वर नेल्यावर कळायची, आरएसची खालीच सुरू व्हायची. त्यामुळे घाटात पुढचा ट्रक ओलांडायचा तर गिअर खाली आणायची गरज पडत नसे. बहुतेकांच्या आठवणी या रेट्याच्याच आहेत. शून्य ते शंभर किती सेकंदांत, हे फारसे कोणी सांगत नाही.

दुसरी खुबी डिकीची. ऑक्टाव्हिया बाजूने पाहिली तर सेदान दिसते, पण तिची डिकी मागच्या काचेसकट वर उचलली जाते. पहिल्या पिढीत डिकीची जागा ५२८ लिटर होती. मागची सीट पाडली की फ्रीजचा खोका आडवा बसे. शर्यतीच्या नावाची ही गाडी घरच्या लग्नाचा बस्ता आणायलाही चालत होती. घरच्यांची संमती मिळवण्यात या डिकीचा वाटा इंजिनाहून मोठा होता, असे प्रस्तुत नोंदकर्त्याचे मत आहे.

पुढील पिढ्या : दुसऱ्या पिढीची ऑक्टाव्हिया भारतात २००५ पासून ‘लॉरा’ या नावाने विकली गेली, कारण पहिलीची विक्री चालूच होती. लॉरा आरएस २०११ मध्ये आली : १.८ लिटरचे टीएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिन, १६० अश्वशक्ती, २५० न्यूटन-मीटर, सहा गिअर, हातानेच टाकायचे. तिचेही इंजिन युरोपातल्या २ लिटरच्या आरएसपेक्षा लहान होते. तिच्यावर इथे फार लिहिण्याचे कारण नाही. गाडी चांगली होती, पण पहिलीसारखी पहिली नव्हती आणि तिसरीसारखी पुरी नव्हती.

तिसरी, २०१७ ची आरएस २३०, खरी पुरी आरएस. २ लिटर टीएसआय, २३० अश्वशक्ती, ३५० न्यूटन-मीटर, सहा गिअरची डीएसजी ही दोन क्लचची स्वयंचलित पेटी, शंभरचा वेग ६.८ सेकंदांत, कमाल वेग ताशी २५० किमी. किंमत मात्र २५ लाखांच्या आत ठेवलेली (शोरूम-किंमत २४.६२ लाख रुपये). एवढी शक्ती त्या काळी जर्मन गाडीत हवी असेल तर खिशातून याच्या दीडपट-दुप्पट पैसे जात. गाड्या भराभर संपल्या. आमच्या रस्त्यांसाठी, आमच्या घरांसाठी आणि आमच्या खिशासाठी चारही पिढ्यांत हीच सर्वांत योग्य होती, हा या नोंदीचा निर्वाळा.

२०२० मध्ये २४५ अश्वशक्तीची आरएस २४५ आली. सात गिअरची डीएसजी आणि पुढच्या दोन चाकांत शक्ती वाटून देणारे इलेक्ट्रॉनिक डिफरन्शिअल ही तिची वैशिष्ट्ये. गाड्या फक्त २०० आणि किंमत ३५.९९ लाख. ती इथे जुळवली गेली नाही, तयारच आयात झाली. त्यानंतर २०२३ मध्ये साधी ऑक्टाव्हियाही भारतात बंद झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये चौथ्या पिढीची आरएस (२६५ अश्वशक्ती, किंमत ४९.९९ लाख) आली, तीही आयात केलेली आणि अवघी १०० नगांची. किंमत जाहीर होण्याआधीच सगळ्या गाड्या बुक झाल्या होत्या. २००४ पासून मनात ठेवलेली गाडी आता घेऊ शकणारे शंभर जण निघाले. ज्यांना ती परवडण्याजोगी होती ते २०१७ चे ग्राहक मात्र मागेच राहिले, आणि ही हळहळ खरी आहे.

स्मरणरंजन व त्याचे स्वरूप : महाराष्ट्रात गाडीची आठवण म्हटली की आधी आठवते ती कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी. तिच्यात प्रत्येकजण कधी ना कधी बसलेला आहे. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली तेव्हा सगळे शहर हळहळले. आरएसची आठवण निराळी. तिच्यात बसलेले थोडे, तिला जाताना पाहिलेले जास्त. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण वापरात आला तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची असलेली मुले वडिलांच्या मारुतीच्या मागच्या सीटवरून उजव्या लेनकडे बघत असत. पुढे २००४ नंतर त्या लेनमधून गेलेली लाल किंवा पिवळी आरएस दोन सेकंद दिसली आणि बोरघाटाच्या वळणाआड गेली. ज्यांनी ती पाहिली ते आज चाळिशीत आहेत, हातात पैसा आहे, आणि जुन्या गाड्यांच्या बाजारात ते तीच शोधतात.

शोधणाऱ्याची भाषा ठरलेली असते. ‘पासिंग कुठलं?’ हा पहिला प्रश्न. मग ‘सिंगल ओनर आहे का?’, ‘स्टॉक आहे की रिमॅप मारलाय?’, ‘टर्बो ओरिजनल?’ शेवटचे दोन प्रश्न सर्वांत महत्त्वाचे. रिमॅप म्हणजे इंजिनाच्या संगणकातली आज्ञावली बदलून शक्ती वाढवणे. दीडशेचे एकशेऐंशी करण्याच्या हौसेत कित्येक पहिल्या आरएस बदलल्या गेल्या, आणि त्यामुळे हात न लागलेली गाडी आज दुर्मिळातली दुर्मिळ झाली आहे. एमएच-२० पासिंगच्या गाडीबद्दल वेगळे अगत्य दिसते. ज्या शहराजवळ ती जुळवली गेली त्याच शहरात ती नोंदली गेली, एवढेच त्याचे कारण, आणि ते पुरेसे आहे.

सांभाळणे : जुनी आरएस घेणे सोपे, ठेवणे अवघड. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इग्निशन कॉइल असते. ती अचानक दगावते आणि गाडी तीन सिलिंडरवर थरथरत चालू लागते. म्हणून जाणती माणसे एक जादा कॉइल आणि ती काढायचा पाना डिकीतच ठेवतात. टायमिंग बेल्ट वेळेवर बदलावा लागतो. तो तुटला तर इंजिन आतून मोडते. तेल योग्य प्रतीचेच हवे, कारण जुन्या तेलाचा साका तळाच्या जाळीत बसला की सर्वांत आधी टर्बो तहानेने मरतो. लांबचा पल्ला मारून आल्यावर चावी लगेच न काढता मिनिटभर इंजिन तसेच चालू ठेवायचे, म्हणजे तापलेल्या टर्बोच्या बेअरिंगला तेल मिळत राहते. जुन्या आरएसवाल्याला ओळखायची हीच खूण : घरासमोर गाडी थांबते, दिवे मालवतात, तरी इंजिनाची घरघर मिनिटभर येत राहते.

रस्त्यांचा प्रश्न वेगळाच. आरएस मुळात खाली बसवलेली. यवतमाळ जिल्ह्यातल्या राजूर–वणीसारख्या भागात कोळशाच्या खाणी आणि चुन्याच्या भट्ट्या आहेत. भरलेल्या ट्रकांनी रस्त्याला पडणाऱ्या चाकोऱ्या, दोन चाकोऱ्यांमधला उंचवटा आणि गावागावातले गतिरोधक या गाडीचे शत्रू. इंजिनाखालचे तेलाचे भांडे, म्हणजे संप, गतिरोधकावर आपटून फुटले की तेल वाहून जाते आणि ते लक्षात न येता दोन किलोमीटर गाडी चालली तर इंजिन जाम. टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर पहिल्या आरएसमध्ये बंपरच्या उजव्या कोपऱ्यामागे असतो. कोळशाची काळी धूळ त्याच्या पाखांत बसते. खाणपट्ट्यात एअर फिल्टर पुस्तकातल्या मुदतीच्या निम्म्यातच बदललेला बरा. आजारी गाडीला नागपूरची वाट धरावी लागते, आणि तिथेही पहिल्या पिढीचे सुटे भाग थांबून मिळतात. यवतमाळकडच्या एखाद्या आवारात ताडपत्रीखाली एमएच-२९ ची ऑक्टाव्हिया दिसली, तर ती मालकाने टाकून दिली असे समजू नये. बऱ्याचदा ती एका भागाची वाट पाहत उभी असते.

कायदा व भवितव्य : पंधरा वर्षांनंतर मोटारीची नोंदणी पुन्हा करून घ्यावी लागते. एप्रिल २०२२ पासून त्यासाठीचे शुल्क ५,००० रुपये झाले आणि वीस वर्षांवरील मोटारींसाठी २०२५ मध्ये ते १०,००० करण्यात आले. पर्यावरण कर वेगळा. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आता देशभर आहे. पहिल्या आरएसच्या रबरी नळ्या आणि सील त्यासाठी बनवलेले नाहीत. ते तपासून घेणे आणि जुने झाले असतील तर बदलणे हा आता दर वर्षीच्या सर्व्हिसचाच भाग धरावा. वेगाचे म्हणाल तर समृद्धी महामार्गावर, जो संभाजीनगरजवळूनच जातो, मोटारीला ताशी १२० किमीची मर्यादा आहे. ती पाळावीच. आरएसचा रेटा पाचव्या गिअरमध्ये ऐंशीवरून शंभरला जातानाही कळतो, त्यासाठी मर्यादा मोडावी लागत नाही.

२०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पन्नास वर्षे पूर्ण झालेली मोटार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. अट अशी की ती मूळ रूपात राखलेली असावी, तिच्यात मोठे फेरफार झालेले नसावेत. ज्यांच्याकडे पहिली आरएस आहे त्यांनी आरसी, सर्व्हिस बुक, दुसरी चावी आणि बदलून काढलेला प्रत्येक मूळ भाग, मग तो भंगारात घालण्याच्या लायकीचा वाटला तरी, नाव-तारीख लिहून एका पेटीत जपून ठेवावा. २००४ मध्ये नोंदलेली आरएस २०५४ मध्ये पन्नास वर्षांची होईल.