कांस्यमूर्ती, प्राचीन ईजिप्तमधील देवदेवतांच्या

ईजिप्तमधील मंदिरांत भाविकांनी देवाला वाहिलेल्या, ब्राँझच्या ओतीव मूर्ती. बहुतेक वीतभर किंवा त्याहून लहान. गाभाऱ्यातील पूजामूर्तींना मौल्यवान धातू वापरत. त्यांतील फारच थोड्या आज उरल्या आहेत. सामान्य भाविकाची श्रद्धा कळते ती या नवसाच्या मूर्तींतून. त्यांची परंपरा जुनी असली, तरी इ. स. पू. ६६४ ते ३३२ या उत्तर काळात आणि पुढे टॉलेमी राजवटीत त्या सर्वाधिक घडल्या.

मधमाशीच्या मेणाची प्रतिमा करून तिच्यावर मातीचा लेप देत. लेप भाजताना मेण वाहून जाई व त्या पोकळीत धातूचा रस ओतत. लहान मूर्ती भरीव असत. मोठ्या मूर्तींत धातू वाचवण्यासाठी माती-वाळूचा गाभा ठेवत. तांबे व कथिलात शिसे मिसळले, की रस पातळ होऊन बारीक कोपऱ्यांपर्यंत पोहोचे. पायांखालची खुंटी बैठकीत बसवत.

सर्वांत जास्त मूर्ती मृतांचा देव ओसायरिस याच्या: वस्त्रात गुंडाळलेला देह, छातीशी आकडी काठी व आसूड, डोक्यावर पिसांचा मुकुट. त्याखालोखाल बाळ होरसला पाजणारी आयसिस देवी. बास्टेट देवीसाठी मांजर वाहत. काही पोकळ मांजरांत मांजराची ममीही ठेवत. ब्रिटिश म्युझियममधील ‘गेयर-अँडरसन मांजर’ (सु. इ. स. पू. ६००) अवश्य पाहावे. कान-नाकात सोन्याच्या बाळ्या, गळ्यात चांदीचे पदक, डोक्यावर कोरलेला शेणकिडा; ताठ बसलेल्या देहात मात्र जिवंत मांजराची सावधता आहे.

मंदिरात दाटी झाली, की जुन्या मूर्ती आवारातच पुरत. कारण देवाला वाहिलेली वस्तू पवित्रच राही. कर्नाक येथील मंदिराच्या आवारात १९०३ पासून फ्रेंच पुरातत्त्वज्ञ जॉर्ज लग्रँ यांनी उपसलेल्या अशा साठ्यात दगडी पुतळ्यांबरोबर सुमारे १७,००० ब्राँझ वस्तू निघाल्या. सक्कारा येथेही मोठे साठे सापडले.

संख्या मोठी म्हणून या मूर्तींना स्वस्त, ठोकळेबाज माल समजणे अन्यायाचे आहे. अनेकींच्या बैठकीवर देवाने दात्याला आयुष्य द्यावे अशी प्रार्थना आणि दात्याचे व आईवडिलांचे नाव कोरलेले असते. म्हणून संग्रहालयात अशी मूर्ती दिसली, तर चेहऱ्याइतकीच तिची बैठकही चारही बाजूंनी पाहावी.