तेरड्याची गौर आणि द्रुतगती मार्ग

डोंगरफुले पाहण्याची हौस नवी मुंबईत महामार्गांनी आणली, असे मानले जाते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला, २०१२ मध्ये साताऱ्याजवळचे कास पठार जागतिक वारसा यादीत गेले आणि सप्टेंबरात गाड्या साताऱ्याकडे वळल्या, हे खरेच. पण १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारी सिडको आली त्याच्या कितीतरी आधीपासून ठाणे-रायगडच्या आगरी-कोळी घरांत भाद्रपदात तेरड्याची गौर, म्हणजे तेरड्याच्या फुललेल्या रोपांच्या रूपातली गौरी, येत होती. ती पूजा होती, सहल नव्हे, असा आक्षेप कुणी घेईल. मला तो अपुरा वाटतो. तेरडा कुठल्या उतारावर, कधी फुलतो हे ठाऊक असल्याशिवाय गौर घरी येत नाही. सात वर्षांनी फुलणारी कारवीही कुडाच्या भिंतींसाठी तोडणाऱ्यांना आधीपासून माहीत होती. रस्त्याने अंतर कमी केले. ही जाण मात्र त्याच्या आधीची आहे, आणि फुलांच्या इतिहासात तिला पहिले पान मिळायला हवे.