मांडवीकाठचे राजइस्पितळ

सन १६०८ मध्ये फ्रान्स्वा पिरार हा फ्रेंच प्रवासी कैदी म्हणून गोव्यास आणला गेला, तो आजारीच. मांडवीकाठची जी इमारत त्याला प्रथमदर्शनी राजवाडा वाटली, ते पोर्तुगालच्या राजाचे इस्पितळ होते. व्यवस्था जेझुइट पाद्र्यांकडे होती. आलेल्या रोग्यास थेट खाटेवर घालीत नसत. आधी वैद्याची तपासणी, मग केशकर्तन, स्नान, धुतलेली वस्त्रे, आणि नंतर खाट. ही शिस्त केवळ हौसेची नव्हे. लिस्बनहून निघालेली गलबते सहा-सहा महिन्यांच्या प्रवासानंतर पावसाळ्याअखेरीस बंदरात लागत आणि स्कर्व्हीने खंगलेली माणसे एकदमच दाराशी येत. रोग्यांची संख्या दीड हजारांपर्यंत जाई, असे पिरार सांगतो.

दार मात्र युरोपीय ख्रिस्त्यांनाच उघडे असे. एतद्देशीय ख्रिस्त्यांकरिता निराळे इस्पितळ होते. चांदीच्या ताटांच्या वर्णनात ही गोष्ट सहज विसरली जाते.

ताव्हेर्निये १६४१ साली गोव्यात आला, तेव्हाही तेथील शुश्रूषा उत्तम होती. १६४८ साली तो पुन्हा आला, तोवर इस्पितळाचे चालक बदलले होते. आता रोग्यांची आबाळ होते आणि आत गेलेले पुष्कळ युरोपीय बाहेर येतात ते थडग्याकडे नेण्यापुरतेच, असे त्याने लिहून ठेवले आहे.