चिंगमबरोबर फुकट

इतिहासातले काही खजिने लुटारूंनी नेले, काही आगीत गेले, काही जहाजांबरोबर बुडाले. अमेरिकेतला एक मोठा खजिना मात्र आयांनी केरात टाकला.

मुलगा कॉलेजला गेला किंवा सैन्यात भरती झाला, की आई त्याची खोली आवरायला काढायची. पलंगाखाली बुटांचं खोकं सापडायचं. त्यात बेसबॉलच्या खेळाडूंची चित्रं छापलेली पुठ्ठ्याची कार्डं. रबरबँडात आवळलेली, कोपरे मुडपलेली, काहींवर कपडे वाळत घालायच्या चिमट्याचे वळ. (सायकलच्या आऱ्यांत कार्ड अडकवलं की ती फटफटीसारखी वाजते, हा शोध तिथल्या पोरांनीही लावला होता.) आईने झाकण उघडायचं, नाक मुरडायचं आणि खोकं बाहेर काढायचं. पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये त्याच कुळातलं एक कार्ड, टॉप्स कंपनीचं १९५२ सालचं मिकी मँटलचं, लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. त्या वेळच्या दराने झाले सुमारे १०० कोटी रुपये. मी बँकेत कारकून आहे. एवढ्या रकमेचा कागद माझ्या टेबलावरून जाताना पाच जणांच्या सह्या घेऊन जातो. इथे नुसता पुठ्ठाच गेला!

मूळात हे कार्ड कोणी विकत घेत नसे. ते कशाबरोबर तरी फुकट मिळे. आधी सिगारेटबरोबर. पाकीट मऊ, आत सिगारेटी वाकायच्या, म्हणून पुठ्ठ्याचा तुकडा घालू लागले; मग तुकडा कोरा कशाला, म्हणून त्यावर चित्र आलं. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने पाचशेहून जास्त कार्डांचा एक संच काढला. त्यात पिट्सबर्गचा ऑनस वॅग्नर होता. त्याचं कार्ड कंपनीला लवकरच थांबवावं लागलं, कारण वॅग्नरने हरकत घेतली. का घेतली, याचे दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो, माझ्या चित्रापायी पोरांनी तंबाखू विकत घेऊ नये, असं त्याचं म्हणणं होतं. दुसरा म्हणतो, त्याला पैसे हवे होते. वॅग्नर स्वतः तंबाखू चघळायचा, हे दोन्ही पक्षांना मान्य आहे. कारण काही असो, आज त्या कार्डाच्या पन्नास-साठ प्रतीच जगात असाव्यात. त्यातली एक २०२२ मध्ये साडेबाहत्तर लाख डॉलरला गेली.

सिगारेटनंतर चिंगम आलं. १९३३ मध्ये गौडी कंपनीने चिंगमच्या पाकिटात कार्डं घातली आणि बापाचं व्यसन मुलाच्या हाती आलं. पुढे टॉप्स आली. १९५२ चा तो प्रसिद्ध संच साय बर्गर नावाच्या गृहस्थाने ब्रुकलिनमधल्या आपल्या घरी बसून आखला. पुढे खेळाडूचं चित्र आणि सही, मागे त्याचे आकडे. त्या संचाचा शेवटचा भाग बाजारात उशिरा आला. तोवर बेसबॉलचा हंगाम सरत आला होता, पोरांचं लक्ष फुटबॉलकडे गेलं होतं. खोकी गोदामात पडून राहिली. आठ वर्षं जागा अडवल्यावर, १९६० मध्ये, बर्गरसाहेबांनी ती एका पडावावर चढवली आणि न्यू जर्सीच्या किनाऱ्यापलीकडे अटलांटिक महासागरात बुडवली. ही हकिगत ते स्वतःच सांगत. बुडालेल्या खोक्यांत मँटल होता. शिल्लक माल निर्लेखित करावा हे आम्हाला बी.कॉम.ला शिकवलं होतं, पण इतक्या शब्दशः कोणी केल्याचं ऐकलं नव्हतं.

आता ज्याच्यासाठी मी लिहायला बसलो त्या माणसाकडे येतो.

जेफरसन बर्डिक. न्यूयॉर्क राज्यात सिरॅक्यूज नावाचं गाव आहे, तिथल्या विजेच्या सामानाच्या कारखान्यात सुटे भाग जोडणारा कामगार. लग्न केलेलं नाही, संधिवाताने बोटं वाकडी झालेली. हा गृहस्थ छापील कार्डं जमवायचा. बेसबॉलचीच नव्हेत तर जाहिरातींची, पक्ष्यांची, नट्यांची, शुभेच्छांची, सगळी. १९३९ मध्ये त्याने त्यांची सूची छापली आणि प्रत्येक संचाला अक्षर आणि आकडा दिला. वॅग्नरच्या संचाला आज लक्षाधीश लोक ‘टी २०६’ म्हणतात, ते या कामगाराने दिलेलं नाव. टी म्हणजे टोबॅको. आमच्या रेकॉर्ड रूमला असा एक माणूस मिळाला असता तर कित्येक ऑडिटर सुखाने घरी गेले असते.

१९४७ पासून बर्डिकने आपला संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला द्यायला सुरुवात केली. तीन लाखांहून जास्त कागद! म्युझियम म्हणालं, घेतो, पण लावून द्यायला हवा. मग तो तिथे टेबल मांडून बसला आणि त्या वाकड्या बोटांनी वर्षानुवर्षं एकेक कार्ड वहीत चिकटवत राहिला. वॅग्नरही चिकटवला आणि ज्याचं नाव त्याच्या गावातही कोणी घेत नसेल असा खेळाडूही चिकटवला. दोघांना सारखाच डिंक. १९६३ च्या जानेवारीत काम संपलं. मार्चमध्ये तो गेला.

डिंक हा शब्द आजच्या एखाद्या संग्राहकासमोर उच्चारून पाहा. त्याला झीट येईल. आता कार्डाला हातसुद्धा लावायचा नसतो.

हे सोवळं सुरू कधी झालं? माझ्या मते, भावपत्रक आलं तेव्हा. जेम्स बेकेट हे संख्याशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी १९८४ मध्ये कार्डांच्या भावाचं मासिक काढलं. तोपर्यंत दहा वर्षांचा पोरगा पाकीट फोडून ‘कोण आलाय?’ म्हणायचा. आता तो ‘केवढ्याचा आलाय?’ म्हणू लागला. आम्ही ज्यासाठी तीन वर्षं कॉलेजात घातली ते ज्ञान तिथल्या चौथीतल्या मुलांना पाकिटातून मिळालं. १९८१ मध्ये टॉप्सची मक्तेदारी मोडून आणखी दोन कंपन्या उतरल्या होत्या, १९८९ मध्ये अप्पर डेक आली. छापखाने दिवसरात्र चालू झाले. आणि मुख्य म्हणजे, जुन्या कार्डांचे भाव वर्तमानपत्रांत वाचून आया शहाण्या झाल्या. त्यांनी खोकी टाकणं बंद केलं! बाप तर अख्खी पेटीच्या पेटी न फोडता माळ्यावर ठेवू लागले. मुलाच्या कॉलेजची सोय झाली म्हणाले. सगळ्यांनीच जपून ठेवल्यावर भाव यायचा कुठून? तो माल आजही माळ्यांवर आहे. त्यातून बहुतेकांच्या कॉलेजची सोय झाली नाही, वह्यांची झाली असेल. चिंगमही याच सुमाराला गेलं. त्याचा डाग कार्डावर पडतो, अशी गिऱ्हाइकांची तक्रार होती. १९९४ मध्ये खेळाडूंनी संप केला, वर्ल्ड सिरीज रद्द झाली, आणि पोरं दुसऱ्या खेळाकडे वळली.

१९९१ पासून पीएसए नावाची कंपनी कार्ड तपासून एक ते दहा गुण देते आणि प्लॅस्टिकच्या पेटीत कायमचं बंद करते. सोनेतारणाच्या वेळी आमच्याकडे सराफ येऊन कस लावतो, तसंच. तिने पहिल्या नंबरचा दाखला दिला तो एका वॅग्नरला, दहापैकी आठ गुण देऊन. ते कार्ड हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की आणि त्याच्या भागीदाराने १९९१ मध्ये ४,५१,००० डॉलरला घेतलं होतं. २००७ मध्ये ते २८ लाखांना गेलं. २०१३ मध्ये त्याचा एक जुना मालक, बिल मॅस्ट्रो नावाचा लिलाववाला, कोर्टात कबूल झाला की कडा कोऱ्या दिसाव्यात म्हणून आपण त्या कापल्या होत्या. म्हणजे वर्गात पहिला आलेला मुलगा कॉपी करून आलेला.

तर प्रश्न असा की, यापुढे हे सगळं सांभाळणार कोण? ज्यांनी मँटलला खेळताना पाहिलं ते आज साठीच्या पुढे आहेत. त्यांचे संग्रह वारसांकडे चाललेत. जाणकार म्हणतात, आठवण संपली की किंमत संपते. मला हे पटत नाही. वॅग्नरला खेळताना पाहिलेला माणूस आज जगात नाही, तरी त्याचा भाव चढतोच आहे. वॅग्नर, मँटल यांची काळजी करायला नको. ती आता सोन्याची बिस्किटं आहेत, लॉकरमधून लॉकरमध्ये जातील. काळजी बर्डिकने त्यांच्या शेजारी चिकटवलेल्या साध्या गड्यांची. खोक्यातली शंभरातली नव्वद कार्डं त्यांचीच असतात.

नवी पोरं कार्डं घेत नाहीत असं मात्र नाही. करोनाच्या काळात तर कहर झाला. मे २०२१ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या टार्गेट दुकानाच्या आवारात कार्डांवरून मारामारी होऊन पिस्तूल बाहेर निघालं, आणि दुकानाने देशभर कार्डं विकणं काही काळ बंद केलं. पण यातली बरीच कार्डं नवी आणि चकचकीत. काही तर जगात एकच प्रत, अशी मुद्दाम छापलेली. २०२४ च्या नाताळात लॉस एंजेलिसकडच्या अकरा वर्षांच्या एका मुलाला पाकिटात पिट्सबर्गच्या पॉल स्कीन्सचं तसलं कार्ड निघालं. ते मार्च २०२५ मध्ये ११ लाख डॉलरच्या वर गेलं. पिट्सबर्गच्या संघाने त्याला कार्डाच्या बदल्यात तीस वर्षांची तिकिटं देऊ केली होती. मुलगा लिलावात गेला. (पिट्सबर्ग हे गाव या गोष्टीत सारखं का येतं कळत नाही. २००८ मध्ये भाला फेकणारे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातले दोन तरुण बेसबॉलसाठी करारबद्ध झाले, तेही पिट्सबर्गकडेच!)

माझा चुलतभाऊ न्यू जर्सीत, एडिसनला असतो. त्याचा मुलगा चौदा वर्षांचा. रविवारी सकाळी फोनवर चेहरा दिसतो. मी चहा पीत असतो, तो झोपायला चाललेला असतो. मी त्याला मँटलबद्दल विचारलं.

“काका, तो नाइन पॉइंट फाइव्ह होता,” तो म्हणाला.

“अरे, पण खेळायचा कसा?”

“ते माहीत नाही. पण मला एक जुनं कार्ड मिळालंय. दोन डॉलर. थांबा हं.”

त्याने आणलं. प्लॅस्टिकची पेटी नाही, काही नाही, कंपासपेटीतून काढलं. एक कोपरा पार गेलेला. रिची हेबनर, टॉप्स, १९७४. पुन्हा पिट्सबर्ग! चेहऱ्याची बाजू त्याने मला दाखवलीच नाही. पाठ दाखवली. पाठीवर आकड्यांच्या बाजूला एक छोटं व्यंगचित्र होतं: हंगाम नसताना हेबनर स्मशानात थडग्यांचे खड्डे खणतो. आणि ते खरं आहे. तेव्हाच्या खेळाडूंना नुसत्या बेसबॉलवर भागत नसे, हिवाळ्यात दुसरं काम धरावं लागे.

“काका, टीव्हीवर सगळे त्याला बघणार, आणि मग तो खड्डे खणणार! मी क्लासमध्ये सगळ्यांना दाखवलं.”

“विकणार का?”

“कोण घेणार? कॉर्नर गेलाय ना.” त्याने कार्ड परत कंपासपेटीत टाकलं, करकटकाशेजारी. तिथे ते आणखी दोन कोपरे गमावणार हे उघड होतं. मग जांभई देत त्याने विचारलं, “काका, तुम्ही बँकेत असता ना? मग ऑफ सीझनला काय करता?”

मी म्हटलं, “आम्हाला ऑफ सीझन नसतो रे. आम्हाला मार्च असतो.”

“म्हणजे काय?”

मी सांगायला सुरुवात केली. बॅलन्सशीटपर्यंत आलो तेव्हा तो झोपला होता.