महामारीनंतरचा क्रूझ प्रवास : दमा, मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर काय पाहावे?

मुंबई-गोवा क्रूझचे तिकीट काढल्यावर भिवंडीतील कुटुंबे विचारतात, "डॉक्टर, आईला नेले तर चालेल ना? तो कोरोना पुन्हा जहाजावर होणार नाही ना?" भीती निराधार नाही. फेब्रुवारी 2020 मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात थांबवलेल्या 'डायमंड प्रिन्सेस'वर 3,711 जण होते. त्यांपैकी 700 हून अधिक बाधित झाले. प्रवाशांना खोलीत बसवले, पण कर्मचारी स्वयंपाक आणि वाढप करत राहिले, एकत्र जेवत आणि राहत राहिले. त्यांच्यात अनेक भारतीय होते.

जहाजे पुन्हा कशी सुरू झाली?

अमेरिकेने मार्च 2020 मध्ये क्रूझ बंद केल्या. 2021 च्या उन्हाळ्यात त्या लसीकरण आणि चाचणीच्या अटींवर सुरू झाल्या. मुंबईहून 'कॉर्डेलिया' सप्टेंबर 2021 मध्ये निघाली. तरीही जानेवारी 2022 मध्ये, ओमायक्रॉनच्या लाटेत, मुंबईहून गोव्याला गेलेल्या याच जहाजावर सुमारे 2,000 जणांच्या तपासणीत पहिल्या फेरीतच 66 जण बाधित आढळले. चाचणीने धोका कमी होतो, संपत नाही.

पुढे अटी सुटल्या आणि गर्दी परतली. जगभरात 2019 मध्ये सुमारे 2 कोटी 97 लाख प्रवासी होते, 2023 मध्ये 3 कोटी 17 लाख. धंदा सावरला, पण आता बंदरावर तुमची चाचणी सहसा कोणी करत नाही. काळजी बरीचशी तुमच्याच हातात आली आहे.

निघण्यापूर्वी

यंत्रमागाच्या धुळीत वर्षे काढलेल्या, जुना खोकला किंवा दम लागणाऱ्या व्यक्तीने आधी छाती तपासून घ्यावी. फ्लूची लस किमान दोन आठवडे आधी घ्यावी. जहाजावर डॉक्टर असतो, पण तो प्राथमिक उपचारापुरता. मोठी शस्त्रक्रिया होत नाही, डायलिसिसही सहसा मिळत नाही. औषधे, इन्सुलिन, इनहेलर दोन-तीन दिवस जास्तीचे घ्या आणि हातातल्या बॅगेत ठेवा. मोठी बॅग खोलीत उशिरा पोहोचते. गर्भवतींना बहुतेक कंपन्या 24 आठवड्यांनंतर घेत नाहीत.

निघायच्या दिवशी ताप असेल तर जाऊ नका. पैसे बुडतील म्हणून पॅरासिटामॉल घेऊन चढणारे असतात, आणि साथ तिथूनच सुरू होते.

जहाजावर

उलट्या-जुलाबाच्या नोरोव्हायरसचीही गाठ पडू शकते. त्यावर सॅनिटायझर फारसा चालत नाही. बुफेआधी साबणाने हात धुवा. जुलाब लागल्यास ओआरएस घ्या, खोलीतच थांबा आणि जहाजावरच्या डॉक्टरला कळवा.

परतल्यावर दोन आठवड्यांत ताप, खोकला किंवा दम लागल्यास डॉक्टरांना "क्रूझवरून आलो" हे आवर्जून सांगा. जहाजाच्या पाण्यातून, विशेषतः शॉवर आणि हॉट टबमधून, होणारा लीजनेला न्यूमोनिया नेहमीच्या काही अँटिबायोटिक्सना दाद देत नाही. ऑक्सिजन 94 च्या खाली गेल्यास घरी थांबू नका.