फायरफॉक्स ३ आणि मराठी वापरकर्ते

फायरफॉक्स ३ ही मोझिला संस्थेने १७ जून २००८ रोजी प्रकाशित केलेली फायरफॉक्स या मुक्त आंतरजाल न्याहाळकाची आवृत्ती होय. गेको १.९ या मांडणी-यंत्रणेवर ती उभारलेली होती. विकासकाळात ती ‘ग्रान पाराडिसो’ या सांकेतिक नावाने ओळखली जात असे. जगभर या आवृत्तीची चर्चा वेग, स्मृतीचा वापर आणि पत्त्याची नवी पट्टी यांभोवती झाली. मराठी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांपुढे मात्र त्याआधीचा एक प्रश्न होता : नव्या न्याहाळकात मराठी मजकूर धड दिसतो की नाही? या आवृत्तीला मराठी वापरकर्त्यांकडून मिळालेला आरंभीचा प्रतिसाद बराचसा या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून होता.

पार्श्वभूमी

भारतात सर्वसामान्यांसाठीची आंतरजाल सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. त्यानंतरची जवळजवळ दहा वर्षे मराठी संकेतस्थळे युनिकोडऐवजी खासगी सांकेतिकीकरणाच्या टंकांत (फॉन्टांत) लिहिली जात. अशा टंकात रोमन अक्षराच्या जागी देवनागरी अक्षराचा आकार बसवलेला असे. टंक संगणकावर नसेल, तर वाचकाला बातमीऐवजी रोमन अक्षरे व विरामचिन्हे यांची निरर्थक खिचडी दिसे. यावर उपाय म्हणून अनेक मराठी दैनिकांनी मायक्रोसॉफ्टचे अंतःस्थापित टंकांचे तंत्र स्वीकारले. पान उघडताच टंक आपोआप उतरे आणि मजकूर नीट दिसे. परंतु हे तंत्र केवळ इंटरनेट एक्सप्लोररमध्ये चाले. नेटस्केप ४ मध्ये त्याला समांतर असे वेगळे तंत्र होते, मात्र ते नेटस्केपच्या वारसदाराने, म्हणजे मोझिलाने, पुढे चालवले नाही.

परिणामी फायरफॉक्स १.० (९ नोव्हेंबर २००४) वापरू पाहणाऱ्या मराठी माणसाला रोजचे वर्तमानपत्र वाचायचे, तर पुन्हा एक्सप्लोररच उघडावा लागे. ‘पद्म’ नावाच्या एका जोडणीने ही अडचण काही अंशी दूर केली. ही जोडणी खासगी टंकातील मजकूर ओळखून पान उघडत असतानाच त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करी. आरंभी तेलुगूसाठी तयार झालेली ही जोडणी पुढे देवनागरीसह इतर भारतीय लिप्यांपर्यंत पोहोचली. ज्यांना ती ठाऊक होती, त्यांच्या दृष्टीने फायरफॉक्स बाळगण्याचे तेच एक कारण होते.

युनिकोडमधील मराठी मजकुराची कथा निराळी होती. विंडोज एक्सपीमध्ये ‘मंगल’ हा देवनागरी टंक असला, तरी जटिल लिप्यांची सोय मूळ प्रस्थापनेत बंद असे. ती नियंत्रण कक्षातून सुरू करावी लागे आणि त्यासाठी बहुधा एक्सपीची मूळ सीडी मागितली जाई. ही सोय बंद असताना फायरफॉक्समध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर येई आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी पडत. एक्सप्लोररमध्ये बरेचदा तोच मजकूर बरा दिसे. त्यामुळे दोष कार्यप्रणालीच्या मांडणीचा असूनही बोल न्याहाळकाला लागे. लिनक्सवर याहून अवघड स्थिती होती. तेथील फायरफॉक्समध्ये पँगो ही अक्षरजुळणी करणारी यंत्रणा मुद्दाम सुरू करावी लागे, आणि ती सुरू केली की न्याहाळक मंदावतो अशी तक्रार होत असे.

फायरफॉक्स २ मधील एक दोष मराठी लेखकांना विशेष जाचक ठरला. परिच्छेदाच्या दोन्ही कडा समान राखण्याची आज्ञा पानावर असेल, तर विंडोजवरील फायरफॉक्स शब्दांतील अक्षरेही एकमेकांपासून ओढून अलग करी आणि काना-मात्रा मूळ अक्षरापासून तुटत. छापील पुस्तकाची सवय असलेल्या लेखकांना समान कडा हव्याशा वाटत. वाचकांसाठी त्यांना त्या सोडाव्या लागल्या.

प्रकाशन

प्रकाशनाच्या निमित्ताने मोझिलाने ‘डाउनलोड डे’ हा उपक्रम आखला. २४ तासांची मोजणी भारतीय प्रमाणवेळेनुसार १७ जूनच्या रात्री ११ वाजून ४६ मिनिटांनी सुरू झाली आणि ८०,०२,५३० प्रती उतरवल्या गेल्याची नोंद गिनेस बुकात झाली. आरंभीच्या गर्दीमुळे मोझिलाचे संकेतस्थळच काही काळ कोलमडले होते. विंडोजसाठीची संचिका सुमारे ७ मेगाबाइटची होती. २५६ किलोबिटच्या ब्रॉडबँडवर ती चार मिनिटांच्या आत उतरे. डायल-अपवर मात्र दूरध्वनीची तार किमान १७ मिनिटे अडकून राही.

स्वागत

समान कडांचा दोष या आवृत्तीत नाहीसा झाला. गेको १.९ मध्ये मजकूर रेखाटण्याची यंत्रणा नव्याने लिहिली गेली होती आणि तीत अक्षरसमूह अखंड एकक मानला जाई. लिनक्सवर पँगोचा वापर सरसकट झाल्यामुळे वेगळी आज्ञा देण्याची गरज उरली नाही. बाहेरच्या समीक्षांत या बदलांना क्वचितच जागा मिळाली. मराठी वाचकाच्या दृष्टीने मात्र आवृत्तीची खरी कमाई हीच म्हणावी लागेल.

दुसरा बदल पत्त्याच्या पट्टीतला होता. तोवर देवनागरी पत्ता टक्क्याच्या खुणा, रोमन अक्षरे आणि अंक यांच्या साखळीत दिसे. मराठी विकिपीडियाच्या पत्त्यातील ‘मुखपृष्ठ’ या शब्दात युनिकोडची ८ चिन्हे आहेत. प्रत्येक चिन्हाचे ३ बाइट आणि प्रत्येक बाइटसाठी ३ रोमन खुणा, अशा हिशोबाने या एका शब्दाच्या ७२ खुणा होत. फायरफॉक्स ३ पट्टीत सरळ ‘मुखपृष्ठ’ असे दाखवू लागला. तोच पत्ता नक्कल करून पत्रात चिकटवला, की पुन्हा ७२ खुणांची साखळी उमटे. म्हणजे सुधारणा वाचण्यापुरती होती, पाठवण्यापुरती नव्हती. शिवाय ही पट्टी पूर्वी पाहिलेल्या पानांच्या शीर्षकांतही शोध घेई. त्यामुळे देवनागरीत दोन-तीन अक्षरे लिहून जुने मराठी पान गाठता येऊ लागले.

संपूर्ण पान मोठे करण्याची सोयही उपयोगी पडली. मंगल टंकाची अक्षरे लहान आकारात किचकट दिसतात, आणि काही दैनिके बातम्या चित्रांच्या रूपात देत. पूर्वीच्या आवृत्तीत केवळ मजकूर मोठा होई, चित्र तसेच राही.

तक्रारी

फायरफॉक्स ३ ने विंडोज ९८ व विंडोज एमई यांचा आधार काढून घेतला. जुन्या यंत्रांवर चालणाऱ्या सायबर कॅफेंना आणि छोट्या कार्यालयांना नवी आवृत्ती त्यामुळे बंदच राहिली. पत्त्याची पट्टी न रुचलेल्यांसाठी तिला जुने रूप देणारी जोडणी लवकरच निघाली. सुरुवातीच्या दिवसांत अनेक जुन्या जोडण्या नव्या आवृत्तीशी जुळत नव्हत्या. वर्तमानपत्र वाचणे जोडणीवर अवलंबून असलेल्या वाचकासाठी ही केवळ गैरसोय नव्हती.

सुरक्षा प्रमाणपत्र मान्यताप्राप्त संस्थेचे नसेल, तर पान अडवून मोठा इशारा देण्याची पद्धत याच आवृत्तीत आली. अपवाद नोंदवण्यासाठी अनेक पायऱ्या चढाव्या लागत. स्वतःच स्वतःला दिलेल्या प्रमाणपत्रावर चालणारी संकेतस्थळे तेव्हा विरळ नव्हती. त्यामुळे ‘संकेतस्थळ बिघडले’ असा समज होई. इशारा योग्य होता, परंतु तो सामान्य वाचकाला समजेल अशा भाषेत नव्हता.

काही तक्रारींचा न्याहाळकाशी संबंध नव्हता. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये ५.१ या आवृत्तीत, म्हणजे एप्रिल २००८ मध्ये आले. जुन्या टंकांत ते नसल्याने त्या जागी रिकामा चौकोन दिसे. ‘ल’ आणि ‘श’ यांची हिंदी वळणाची रूपे हीदेखील टंकाची देणगी होती. शुद्धलेखन तपासणी इंग्रजी शब्दकोशावर असली, की प्रत्येक मराठी शब्दाखाली तांबडी रेघ उमटे. मराठी शब्दकोश जोडूनही प्रश्न पूर्ण सुटत नसे, कारण ‘घर’ कोशात असले तरी ‘घरातल्यांनाही’ असेलच असे नाही.

कार्यालयीन वापर

न्याहाळक बदलण्यात सवयीचाही मोठा अडसर होता. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमातून राज्यातील असंख्य लोकांनी संगणकाची पहिली ओळख करून घेतली, आणि ती विंडोजवर झाली. ‘इंटरनेट’ म्हणजे पटलावरचे निळे ‘ई’ हे समीकरण त्यातून पक्के झाले. भोसरी, चिखली, तळवडे ते चाकण या पट्ट्यातील लघुउद्योगांसारख्या ठिकाणी तर पर्यायही मर्यादित होता. डिजिटल स्वाक्षरीसाठी ॲक्टिव्हएक्स घटक मागणारी संकेतस्थळे फायरफॉक्समध्ये चालत नसत. अशा कामांसाठी एक्सप्लोरर ठेवणे भागच होते, आणि एकाच संगणकावर दोन न्याहाळक ही व्यवस्था त्यातून आली.

मराठीकरण

प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) २००५ पासून भारतीय भाषांसाठी मोफत वाटलेल्या सीडींमध्ये टंक, ‘भारतीय ओओ’ हा कार्यालयीन संच आणि स्थानिक भाषेतील फायरफॉक्स यांचा समावेश केला होता. मोझिलाच्या अधिकृत प्रकल्पातील मराठी भाषांतर स्वयंसेवकांच्या श्रमावर उभे राहिले. न्याहाळक, ब्राउझर, वाचनखूण, बुकमार्क यांपैकी कोणता शब्द घ्यावा, हा वाद तेव्हापासून चालत आला आहे. मराठी आज्ञासूची असलेली आवृत्ती उपलब्ध असूनही अनेक जण इंग्रजी आवृत्तीच वापरत, कारण मदतीला येणारा मित्र किंवा दुरुस्तीवाला इंग्रजी शब्दांनीच मार्ग सांगे.

पुढील घडामोडी

फायरफॉक्स ३ च्या प्रकाशनानंतर बरोबर ११ आठवड्यांनी, २ सप्टेंबर २००८ रोजी, गूगल क्रोमची पहिली चाचणी आवृत्ती आली आणि नावीन्याचे आकर्षण तिकडे वळले. ३० जून २००९ रोजी प्रकाशित झालेल्या फायरफॉक्स ३.५ मध्ये पानासोबत साधे ट्रूटाइप व ओपनटाइप टंक पाठवण्याची सोय झाली. या बाबतीत आता एक्सप्लोररचा एकाधिकार उरला नव्हता. तोवर मराठी संकेतस्थळांची वाटचाल युनिकोडकडे सुरू झाली होती, आणि ‘पद्म’सारख्या जोडण्यांची गरज जुन्या संग्रहांपुरती राहिली. फायरफॉक्स ३.० साठीची शेवटची सुधारणा, ३.०.१९, मार्च २०१० मध्ये प्रकाशित झाली.