हवेतून भाकरी : निम्म्या जगाला पोसणारा शोध

मानवी इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा शोध कोणता, असा प्रश्न विचारला की येणारी उत्तरे बहुधा ठरलेली असतात. कुणी चाकाचे नाव घेतो, कुणी मुद्रणकलेचे, कुणी विजेचे, तर कुणी संगणकाचे. ही सारी उत्तरे आपापल्या जागी योग्यच आहेत. मात्र ‘या शोधाअभावी आज किती माणसे जिवंत राहू शकली नसती?’ असा निकष लावला, तर यादीत अगदी वरच्या स्थानी अशा एका शोधाचे नाव घ्यावे लागते, की जो सामान्य वाचकाला फारसा परिचित नाही. हवेतील नायट्रोजनपासून अमोनिया तयार करण्याची ‘हाबर-बॉश प्रक्रिया’ हा तो शोध. आजच्या जगातील जवळपास निम्म्या लोकसंख्येचे अन्न या प्रक्रियेतून निर्माण होणाऱ्या खतांवर अवलंबून असल्याचा अभ्यासकांचा अंदाज आहे. आपल्या शरीरातील प्रथिनांत असलेल्या नायट्रोजनचा मोठा भाग कधीतरी एखाद्या कारखान्यातील पोलादी नळकांड्यातून बाहेर पडलेला असतो, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरू नये.

समुद्रात राहून तहानलेले

नायट्रोजन, म्हणजे शेतकऱ्यांच्या भाषेतील नत्र, हा वनस्पती आणि प्राणी यांच्या जीवनाचा पाया आहे. प्रथिने, हरितद्रव्य, आनुवंशिक गुण वाहून नेणारी डीएनएची साखळी यांपैकी काहीही नत्राशिवाय तयार होत नाही. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो. पण पिकांना त्याचा थेट उपयोग नसतो. नायट्रोजनच्या रेणूतील दोन अणू तिहेरी बंधाने एकमेकांना इतके घट्ट जखडलेले असतात, की तो बंध तोडणे वनस्पतींच्या आवाक्याबाहेरचे आहे. निसर्गात हे काम आकाशातील वीज काही प्रमाणात करते आणि मुख्यत्वे जमिनीतील सूक्ष्म जीवाणू करतात. कडधान्यांच्या मुळांवरील गाठींत असेच जीवाणू वस्तीला असतात. आपल्याकडील शेतकऱ्याला त्याचे रसायनशास्त्र ठाऊक नव्हते; पण तूर, हरभरा किंवा भुईमूग यांच्यानंतर घेतलेले धान्याचे पीक जोमदार येते, हे त्याने पिढ्यान्‌पिढ्या अनुभवले होते. ‘बेवड चांगला आहे’ असे तो म्हणतो, त्यामागचे कारण हेच.

शेणखत, सोनखत, लेंडीखत आणि पिकांची फेरपालट यांच्या बळावर शेती हजारो वर्षे चालली. परंतु या मार्गाने मिळणाऱ्या नत्राला मर्यादा होती, आणि त्यामुळे लोकसंख्येलाही. एकोणिसाव्या शतकात युरोपातील शहरे वाढू लागली, तशी ही मर्यादा जाणवू लागली. तेव्हा युरोपची नजर दक्षिण अमेरिकेकडे वळली. पेरूच्या किनाऱ्यालगतच्या चिंचा बेटांवर समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे, म्हणजे ‘ग्वानो’चे, डोंगर साचले होते. काही दशकांत ते खरवडून संपले. त्यानंतर अटाकामा वाळवंटातील सोऱ्यावर भिस्त वाढली. या सोऱ्याच्या प्रदेशावरून चिली, पेरू आणि बोलिव्हिया या देशांत १८७९ ते १८८४ या काळात युद्ध झाले. त्यात बोलिव्हियाने आपला समुद्रकिनारा गमावला. तो आजतागायत त्याला परत मिळालेला नाही.

हा साठाही संपणारच होता. १८९८ मध्ये ब्रिस्टल येथे भरलेल्या ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात अध्यक्षपदावरून बोलताना सर विल्यम क्रुक्स यांनी धोक्याची सूचना दिली. गव्हावर जगणाऱ्या देशांपुढे काही दशकांतच टंचाई उभी राहील, आणि हवेतील नायट्रोजन बांधून ठेवण्याची युक्ती रसायनशास्त्रज्ञांनी शोधली तरच त्यातून सुटका होईल, असे त्यांचे प्रतिपादन होते. नॉर्वेत बिर्कलँड आणि आयडे या दोघांनी विजेच्या प्रचंड ठिणग्यांच्या साह्याने हे साधून दाखवले. मात्र त्यासाठी लागणारी वीज इतकी होती, की मुबलक जलविद्युत असलेल्या देशाबाहेर ही पद्धत परवडणे शक्य नव्हते.

हाबर यांचा प्रयोग

हे कोडे सोडवले ते फ्रिट्झ हाबर यांनी. १८६८ मध्ये ब्रेस्लाऊ येथे ज्यू कुटुंबात जन्मलेले हाबर जर्मनीतील कार्ल्सरुहे येथे अध्यापन करीत होते. नायट्रोजनचा एक आणि हायड्रोजनचे तीन रेणू एकत्र आले की अमोनियाचे दोन रेणू तयार होतात. कागदावर इतके सोपे दिसणारे हे समीकरण प्रत्यक्षात मोठ्या पेचाचे होते. तापमान कमी ठेवले तर क्रिया जवळजवळ घडतच नाही. तापमान वाढवले तर क्रिया वेगाने होते, पण तयार झालेला अमोनिया पुन्हा विघटित होतो. यावर उपाय एकच, तो म्हणजे दाब वाढवणे. चार रेणूंचे दोन होत असल्याने अधिक दाबाखाली अमोनियाचे पारडे जड होते. १९०७ मध्ये वाल्थर नेर्न्स्ट या विख्यात शास्त्रज्ञाने हाबर यांच्या आकडेवारीवर भर सभेत आक्षेप घेतला. हा अपमान हाबर यांच्या जिव्हारी लागला आणि ते अधिकच जिद्दीने कामाला लागले.

इंग्लिश खाडीतील जर्सी बेटावरून आलेले रॉबर्ट ल रॉसिन्योल हे त्यांचे सहकारी. उच्च दाब सहन करणारी झडप आणि उपकरणे घडवण्याचे श्रेय त्यांचे. २ जुलै १९०९ रोजी ‘बीएएसएफ’ या जर्मन रसायन कंपनीच्या प्रतिनिधींसमोर प्रयोग झाला. हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे २०० पट दाब, ५०० अंश सेल्सिअसहून अधिक तापमान आणि ऑस्मियम या दुर्मीळ धातूचा उत्प्रेरक अशा योजनेतून द्रवरूप अमोनिया थेंबाथेंबाने बाहेर पडू लागला. संयोग न झालेला वायू वाया न घालवता तो पुन्हा पुन्हा फिरवत ठेवायचा, ही हाबर यांची कल्पना निर्णायक ठरली.

प्रयोगशाळा ते कारखाना

मराठीत ‘शोध’ हा एकच शब्द दोन अर्थांनी वापरला जातो : निसर्गात दडलेली गोष्ट सापडणे आणि पूर्वी नसलेली वस्तू घडवणे. अमोनियाच्या कथेत पहिले काम हाबर यांनी केले, तर दुसरे कार्ल बॉश यांनी. बॉश हे बीएएसएफमधील रसायनतज्ज्ञ. पण धातुकामाचेही त्यांनी शिक्षण घेतलेले होते.

पहिली अडचण उत्प्रेरकाची होती. जगात उपलब्ध असलेल्या ऑस्मियमचा बहुतेक साठा कंपनीने विकत घेतला, तरी तो मोठ्या कारखान्याला पुरणारा नव्हता. आल्विन मिटाश यांनी पर्यायाचा शोध हाती घेतला. हजारो पदार्थ आणि मिश्रणे तपासल्यावर स्वीडनमधील एका लोहखनिजाने आश्चर्यकारक गुण दाखवले. त्यात थोडे अ‍ॅल्युमिनियम, पोटॅशियम व कॅल्शियम यांची संयुगे मिसळली, की साधे लोखंडच उत्तम उत्प्रेरक ठरते, असे निष्पन्न झाले. आजही बहुतांश कारखाने याच जातीचा उत्प्रेरक वापरतात.

दुसरी अडचण त्याहून गंभीर होती. प्रायोगिक नळ्या काही दिवसांतच फुटू लागल्या. तापलेला हायड्रोजन पोलादात शिरून त्यातील कार्बनशी संयोग पावतो आणि पोलाद ठिसूळ बनते, हे बॉश यांच्या ध्यानात आले. त्यांनी नळीत नळी बसवली. आत कार्बन जवळजवळ नसलेल्या मऊ लोखंडाचे अस्तर आणि बाहेर मजबूत पोलादाचे कवच. कवचाला बारीक छिद्रे पाडली, म्हणजे आतून झिरपणारा हायड्रोजन पोलादाला इजा न करता निघून जाईल. या साध्या वाटणाऱ्या युक्तीवर पुढे उच्च दाबाच्या रसायन उद्योगाची सारी इमारत उभी राहिली. सप्टेंबर १९१३ मध्ये लुडविग्जहाफेनजवळील ओपाऊ येथे पहिला कारखाना सुरू झाला.

खत आणि दारूगोळा

अमोनियापासून खत बनते, तसेच नायट्रिक आम्ल बनते आणि नायट्रिक आम्लापासून स्फोटके. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि ब्रिटिश नौदलाने जर्मनीची सागरी कोंडी केली. चिलीचा सोरा बंद झाला. ओपाऊच्या पाठोपाठ लॉइना येथील कारखाना उभा राहिला नसता, तर जर्मनीचा दारूगोळा लवकरच संपला असता, असे बहुतेक इतिहासकारांचे मत आहे. भुकेल्यांना अन्न देणारा हा शोध पोटी धान्य पाठवण्याआधी तोफांना खाद्य पुरवून गेला.

हाबर यांनी स्वतः याहून भयंकर कामात पुढाकार घेतला. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्रच्या आघाडीवर त्यांच्या देखरेखीखाली क्लोरिन वायू सोडण्यात आला. त्यानंतर काही दिवसांतच त्यांच्या पत्नी क्लारा इमरवार यांनी आत्महत्या केली. त्या स्वतः रसायनशास्त्राच्या डॉक्टरेट होत्या. १९१८ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक हाबर यांना जाहीर झाले, तेव्हा निषेधाचे सूर उमटले. बॉश यांना हा सन्मान १९३१ मध्ये फ्रीडरिश बेर्गियुस यांच्यासह मिळाला. दरम्यान, २१ सप्टेंबर १९२१ रोजी ओपाऊच्या कारखान्यात साठवलेल्या खताचा स्फोट होऊन पाचशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले होते. बैरूत बंदरात ऑगस्ट २०२० मध्ये झालेला अमोनियम नायट्रेटचा स्फोट हा याच जातकुळीतला.

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आल्यावर ज्यू वंशाच्या हाबर यांना, आयुष्यभर जर्मनीची निष्ठेने सेवा करूनही, देश सोडावा लागला. जानेवारी १९३४ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथे त्यांचे निधन झाले. कीटकनाशक म्हणून सायनाइड वायू वापरण्याचे संशोधन त्यांच्याच संस्थेत झाले होते. त्यातूनच पुढे विकसित झालेला वायू नाझींनी छळछावण्यांत वापरला. बळी पडलेल्यांत हाबर यांचे नातेवाईकही होते.

सिंद्री, तुर्भे, थळ

स्वातंत्र्यानंतर भारताने अन्नधान्याच्या स्वयंपूर्णतेसाठी हीच वाट धरली. १९५१ मध्ये तत्कालीन बिहारमधील सिंद्री येथे सरकारी खत कारखान्यात उत्पादन सुरू झाले. मुंबईत तुर्भ्याचा, म्हणजे ट्रॉम्बेचा, कारखाना १९६५ मध्ये सुरू झाला. १९७८ मध्ये ‘राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स’ची स्थापना झाल्यावर तो तिच्याकडे आला. बॉम्बे हायचा वायू हाती आल्यावर १९८० च्या दशकात अलिबागजवळ थळ येथे मोठा प्रकल्प उभा राहिला.

साठच्या दशकाच्या मध्यावर लागोपाठ दोन वर्षे पाऊस रुसला, तेव्हा अमेरिकेतून येणाऱ्या गव्हाच्या जहाजांवर देश तगून होता. त्यानंतर आलेल्या हरितक्रांतीचे श्रेय आपण नॉर्मन बोरलॉग, एम. एस. स्वामिनाथन आणि तत्कालीन कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम यांना देतो, ते उचितच आहे. परंतु गव्हाचे ते बुटके वाण निवडण्यामागे एक कारण होते. भरपूर नत्र दिल्यावर जुने उंच वाण ओंबीच्या भाराने लोळत. बुटके वाण ताठ उभे राहत. म्हणजेच नवे बियाणे हे मुळात खत पेलणारे बियाणे होते. खत नसते, तर त्या बियाण्याचा चमत्कार दिसलाच नसता.

उपकार आणि किंमत

या शोधाची किंमतही आता समोर आली आहे. शेतात टाकलेल्या नत्रापैकी जगभराच्या सरासरीने सुमारे निम्माच भाग पिकाला लागू होतो. उरलेला नायट्रेटच्या रूपाने विहिरी-नद्यांत उतरतो किंवा हवेत जातो. त्यातून निर्माण होणारा नायट्रस ऑक्साईड हा कार्बन डायऑक्साईडच्या सुमारे २७० पट प्रभावी तापमानवाढ करणारा वायू आहे. शिवाय हायड्रोजन मिळवण्यासाठी नैसर्गिक वायू किंवा कोळसा लागतो. जगात दरवर्षी सुमारे १८ कोटी टन अमोनिया बनतो आणि त्यासाठी जगाच्या एकूण ऊर्जेपैकी एक ते दोन टक्के ऊर्जा खर्च होते.

भारतात या प्रश्नाला धोरणाचीही बाजू आहे. २०१० मध्ये अन्नद्रव्यांवर आधारित अनुदान योजना आली, पण युरिया तिच्याबाहेर ठेवण्यात आला. साहजिकच स्फुरद व पालाश यांच्या तुलनेत युरिया स्वस्त राहिला आणि त्याचा वापर प्रमाणाबाहेर वाढला. २०१५ पासून युरियाला निंबोळी तेलाचे आवरण सक्तीचे झाले, ते नत्र हळूहळू मिळावे आणि युरिया अन्य उद्योगांकडे वळू नये, या हेतूने.

मग रासायनिक खत बंदच का करू नये? श्रीलंकेने २०२१ मध्ये तो प्रयोग करून पाहिला. रासायनिक खतांची आयात एकाएकी थांबवण्यात आली. भाताचे उत्पादन घसरले, शेतकरी रस्त्यावर आले आणि काही महिन्यांतच सरकारला माघार घ्यावी लागली. एका शतकात जडलेले अवलंबित्व एका हुकमाने सुटत नाही, हा त्याचा धडा. सौर व पवन विजेच्या साह्याने पाण्यापासून हायड्रोजन मिळवून ‘हरित अमोनिया’ तयार करण्याचे प्रयत्न सुरू आहेत. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेतही त्याचा समावेश आहे. खर्च हा त्यातील मोठा अडसर आहे. माती परीक्षण करून मोजके खत देणे आणि कडधान्यांचा बेवड पुन्हा जोपासणे हे उपाय मात्र आजही शेतकऱ्याच्या हाती आहेत.

१९०० च्या सुमारास जगाची लोकसंख्या १६० कोटींच्या आसपास होती. २०२२ मध्ये तिने ८०० कोटींचा टप्पा ओलांडला. चाक नसते तर माणूस पायी चालला असता, छपाई नसती तर हाताने लिहीत राहिला असता. अमोनियाचा कारखाना नसता, तर मात्र आजच्या ताटांपैकी कितीतरी ताटे रिकामी राहिली असती. महत्त्वाच्या शोधांची यादी करताना हे मोजमाप विसरता येणार नाही.